मॉनिटरमधून गुणगुण येतेय? अर्थिंगपासून सबवूफरपर्यंत काय तपासायचं

पॉवर्ड स्टुडिओ मॉनिटर म्हणजे आतच अँप्लिफायर असलेला स्पीकर. त्यामुळे प्रत्येक बॉक्सला दोन वायरी लागतात, एक ऑडिओची आणि एक विजेची. बहुतेक तक्रारी या दोघींच्या भांडणातून येतात. वाशिम, कारंजा, मानोरा भागात घरातल्या खोलीत भजन किंवा बंजारा गाणी रेकॉर्ड करायची असतील, तर महाग स्पीकर घेण्याआधी घरातली वायरिंग बघा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गुणगुण कुठून येते?

मॉनिटर बंद करून ऑडिओ केबल काढा आणि पुन्हा चालू करा. आवाज थांबला तर दोष केबल, इंटरफेस किंवा ग्राउंड लूपचा. तसाच राहिला तर वीजपुरवठ्याचा किंवा मॉनिटरच्या आतल्या पॉवर सप्लायचा.

ग्राउंड लूप म्हणजे कॉम्प्युटर एका भिंतीच्या सॉकेटवर, मॉनिटर दुसऱ्या भिंतीच्या, आणि दोघांचं अर्थिंग ऑडिओ केबलच्या शील्डमधून जोडलं जाऊन तयार झालेलं वर्तुळ. त्यातून ५० हर्ट्झची गुणगुण येते. सगळं एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या आणि बॅलन्स्ड केबल वापरा, म्हणजे एक्सएलआर किंवा टीआरएस. टीआरएसच्या पिनवर दोन काळ्या रिंगा असतात, गिटारच्या साध्या केबलवर एकच. माउस हलवला की किर्र आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा.

"अर्थची पिन काढून टाका, आवाज जातो" हा सल्ला कुणीही देतं. आवाज जातोही! पण उद्या आतलं इन्सुलेशन गेलं तर मॉनिटरच्या धातूच्या मागच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येऊ शकतात, आणि केबलच्या शील्डमधून ते माईकपर्यंत पोचतात. गाणाऱ्याचे ओठ माईकच्या जाळीला लागलेले असतात. ही पिन कधीच काढू नका.

आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि अर्थिंग कमजोर पडतं. पावसाळ्यात शांत असलेला सेटअप मे महिन्यात गुणगुणायला लागला तर आधी अर्थिंगचा खड्डा बघा, तिथे पाणी घाला. मल्टीमीटरने फेज आणि अर्थमध्ये २३० दाखवलं म्हणजे अर्थिंग ठीक, असं समजू नका. मीटर फारच कमी करंट घेतो, त्यामुळे कमजोर अर्थिंगवरही आकडा बरोबर दिसतो. इलेक्ट्रिशियनकडून लोड टाकून तपासून घ्या.

लाइट गेल्यावरच घरघर येत असेल तर दोष मॉनिटरचा नाही. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर बदलून प्युअर साइन वेव्हचा घ्यावा लागेल.

सबवूफर खरंच हवा का?

यामाहाच्या एचएस५ सारखा ५ इंची मॉनिटर साधारण ५४ हर्ट्झपर्यंत उतरतो. ढोलकीला तेवढं पुरतं. नंगाऱ्याचा किंवा डीजेच्या बेसचा तळ ऐकायचा असेल तर सबवूफर लागतो. पण खोली १० बाय १० आणि छतही १० फुटांवर असेल तर लांबी, रुंदी, उंची तिन्हींचा मुख्य अनुनाद ५६ हर्ट्झच्या आसपास एकत्र येतो. खोलीच्या मधोमध बसलात तर तो स्वर जवळपास गायब, भिंतीला टेकलात तर नुसता दणदणाट. अशा खोलीत कानावर विसंबून बेस वाढवलेलं गाणं यात्रेतल्या मोठ्या स्पीकरवर भलतंच वाजतं.

म्हणून जागा शोधा. सब तुमच्या खुर्चीवर ठेवा, बेसचं गाणं लावा आणि जमिनीलगत रांगत खोलीभर फिरा. जिथे सगळे स्वर सारखे ऐकू येतात, तिथे सब ठेवायचा. घरचे हसतील, हसू द्या. इंटरफेसमधून सिग्नल सबला, सबमधून मॉनिटरला. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरू करा. मग ८० हर्ट्झचा टोन लावून फेजचा स्विच ० आणि १८० वर फिरवून बघा, जिथे आवाज मोठा तीच बाजू बरोबर.

खडखड आली तर लगेच स्पीकर फाटला असं समजू नका. पत्र्याच्या छताच्या खोलीत पत्राच थरथरतो. टोन हळूहळू ४० पासून १०० हर्ट्झपर्यंत न्या आणि कपाट, खिडकी, पत्रा हाताने दाबून बघा. मॉनिटर आपोआप बंद पडत असेल तर मागे ऑटो स्टँडबायचा स्विच आहे का ते पाहा, कमी आवाजात काही मॉडेल स्वतःच झोपतात. एकच बाजू बंद असेल तर डाव्या-उजव्या केबलींची अदलाबदल करा. दोष बाजू बदलून गेला तर केबल किंवा इंटरफेस, त्याच बॉक्समध्ये राहिला तर मॉनिटर दुरुस्तीला न्या.