वैरागडचे हिरे आणि जवाहिऱ्यांची परिभाषा

रत्नपरीक्षेच्या पोथ्या ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांस एक अडचण हटकून येते. पोथीवर शक नसतो, लेखकाचें नांव नसतें, अखेरचें पान बहुधा गळालेलें असतें. आणि विषय असा कीं, बुद्धभट्टाचा ग्रंथ, अगस्तिमत, सोमेश्वराचा मानसोल्लास यांतील तेच ते लक्षणश्लोक शतकानुशतकें उतरून घेतलेले. मोडी दप्तरांतील दागिन्यांच्या यादींची गोष्ट याहून निराळी नाहीं. तेथें शक असला तरी शब्द कळत नाहींत, आणि शब्द न कळल्यामुळें हिऱ्याचें मोल दुप्पट होतें किंवा खोट असलेला खडा निर्दोष ठरतो. कारागिरांची परिभाषा नीट तपासली तर या दोन्ही अडचणींत तिचा उपयोग होतो, असें आमचें मत आहे. तें दाखविण्यासाठीं आम्हीं जुना चांदा प्रांत, म्हणजे हल्लींचे चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे, निवडला आहे. हिऱ्याची खाण, सोनाराचें वजन आणि जडावाची लाख या तिन्ही गोष्टी त्या एका वनप्रदेशांत सांपडतात.

आरंभ वैरागडापासून करावा. आरमोरी तालुक्यांत, वैनगंगेच्या पूर्वेस, खोब्रागडी व सतनाला या नद्यांच्या संगमाजवळ हें गांव आहे व तेथें दगडी किल्ला आहे. द्वापरयुगांतील कोणा वैरोचन राजानें तें वसविलें अशी स्थानिक कथा सांगतात. ती कथा नांवावरून मागाहून जुळविली, हें उघड आहे. संस्कृत 'वज्र' याचें प्राकृतांत 'वइर' होतें. तमिळ भाषेंत आजही हिऱ्याला 'वैरम्' म्हणतात. 'आकर' म्हणजे खाण, त्याचें 'आगर' झालें. तोच शब्द मराठींत मिठागरांत राहिला आहे. वज्राकर, वइरागर, वैरागर असा हा प्रवास आहे. आणि जवळ किल्ला असल्यावर 'गर' याचा 'गड' होण्यास कितीसा वेळ लागणार?

ही नुसती व्युत्पत्ति नव्हे. तिला लेखांचा आधार आहे. रतनपूरच्या कलचुरि जाजल्लदेवाच्या इ. स. १११४ च्या शिलालेखांत त्याला करभार देणाऱ्या मंडलांत वैरागर हें नांव लांजिका व भाणार यांच्या शेजारी येतें. लेख संस्कृत, पण नांव प्राकृत रूपांत! उलट यादव रामचंद्राच्या पुरुषोत्तमपुरी ताम्रपटांत, इ. स. १३१० मध्यें, 'वज्राकर' असें शुद्ध संस्कृत रूप आहे, म्हणजे दोनशें वर्षांनंतरही देवगिरीच्या पंडितास या नांवाचा अर्थ ठाऊक होता. त्याहूनही पूर्वीचा पुरावा दक्षिणेकडून येतो. पहिल्या कुलोत्तुंग चोळाच्या तमिळ लेखांत, अकराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, त्यानें 'वयिरागरम्' येथें हत्तींचे कळप धरल्याचें वर्णन आहे. पुढें पांच शतकांनीं अबुल फझल ऐने-अकबरींत चांद्याच्या गोंड राजाच्या ताब्यांतील बैरागड सांगतो. तेथें हिऱ्याची खाण आहे, चित्रविचित्र कापड विणलें जातें आणि आसपास रानटी हत्ती पुष्कळ आहेत, असें तो लिहितो. एकमेकांस सर्वस्वी अपरिचित अशा दोन दरबारांच्या लेखांत त्याच नांवाशीं हत्ती यावेत, हा स्थलनिश्चितीचा चांगला पुरावा होय. फेरिस्त्यानें अहमदशहा बहामनीच्या स्वारींत गोंडवनांतील 'कलम' येथील हिऱ्याची खाण सांगितली आहे, तीही आम्हांस वैरागडचीच वाटते. बृहत्संहितेंतील वेणातट म्हणजे वैनगंगेचाच कांठ, असें कित्येक म्हणतात. त्यांत तथ्य असूं शकेल. पण वेणा हें नांव कृष्णेकडेही जातें, म्हणून त्यावर आम्ही फार भार टाकीत नाहीं. इंग्रजी अमदानींत या खाणी केवळ जुनी गोष्ट होऊन राहिल्या होत्या.

आतां या खाणीचा खडा जवाहिऱ्याच्या हातीं आल्यावर तो त्यांत काय पाहत असे, तें पाहूं. रत्नशास्त्रांत उत्तम हिऱ्याचीं लक्षणें ठरलेलीं आहेत: कोटि सहा, पार्श्वें आठ, धारा बारा. आजच्या स्फटिकशास्त्राच्या भाषेंत हा अष्टफलक झाला, आणि जमिनींतून निघणारा निर्दोष हिरा पुष्कळदां याच आकाराचा असतो. दोषांचीं नांवें बिंदु, रेखा, यव, काकपद, मल. यांपैकीं एकही शब्द कारागिराच्या हत्याराशीं संबंध ठेवीत नाहीं. कोटि, पार्श्व व धारा निसर्गानें दिलेल्या, दोषही त्याचेच. अगस्तिमतांत तर पात्यानें कापलेला वा घासून झिजविलेला हिरा निरुपयोगी होतो व त्याची शुभ शक्ति नाहींशी होते, असें सांगितलें आहे. याचा अर्थ आपल्याकडे मणी घासण्याची कला नव्हती असा मुळींच नाहीं. शाण हा शब्द जुना आहे, आणि हिऱ्यानें मणी विंधण्याची उपमा कालिदासानें रघुवंशाच्या पहिल्याच सर्गांत घेतली आहे. परंतु खुद्द हिऱ्याची प्रतिष्ठा त्याच्या उपजत घडणींत होती. शाणाचें मराठींत सहाण झालें, आणि घरोघर ती चंदन उगाळण्याच्या कामीं राहिली!

याच्या उलट मराठी जवाहिऱ्याची बोली पाहावी. 'जवाहीर' हा शब्द अरबी. 'तराशणें' हें फारसीवरून घेतलेलें. 'पैलू' म्हणजे फारसी 'पहलू', त्याचा मूळ अर्थ बाजू, कूस. गंमत अशी कीं, पहलू आणि संस्कृत पार्श्व हीं एकाच जुन्या मुळाचीं भावंडें आहेत व दोहोंचा अर्थही एकच आहे. फरक आहे तो क्रियापदांत. पार्श्वें हिऱ्याला असतात. पैलू आपण पाडतों. एवढ्या एका क्रियापदानें रत्नशास्त्राचा काळ मागें पडला आणि कारागिराचा काळ आला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

यावरून पोथीचा काळ ठरवितांना पुढील नियम पाळावा. ज्या रत्नपरीक्षेच्या मराठी टीकेंत हिऱ्याला पैलू पाडण्याची भाषा मूळ मजकुरांतच आली असेल, ती टीका फारसी दरबारी भाषा आपल्याकडे रुळल्यानंतरची समजावी. पण समासांत किंवा दोन ओळींच्या मध्यें निराळ्या हातानें तो शब्द घातला असेल, तर त्यावरून वाचणाराचा काळ कळतो, ग्रंथाचा नव्हे. आणि तो शब्द नाहीं म्हणून पोथी जुनी, हें अनुमान तर कधींही करूं नये. नक्कल करणारा जुनेच शब्द उतरीत असतो. शिवाय शिवराज्याभिषेकाच्या काळांत फारसी शब्दांस मुद्दाम संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, तेव्हां निव्वळ संस्कृत परिभाषा दिसली म्हणून ती सोळाशें चौऱ्याहत्तरच्या आधींचीच, असें म्हणतां येत नाहीं. ही कसोटी एका बाजूनेंच चालते.

पैलूंच्या बाबतींत आणखी एक सावधगिरी हवी, आणि ती मोलाची आहे. आज आपण पैलूदार खडा म्हटलें कीं स्तुति समजतों. सतराव्या शतकांत तसें नव्हतें. फ्रेंच जवाहीर-व्यापारी ताव्हर्निये यानें गोवळकोंडें व विजापूर मुलखांतील खाणी स्वतः पाहिल्या होत्या. १६७६ मध्यें छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत तो सांगतो कीं, खडा स्वच्छ असला तर येथील कारागीर त्यास वरखालीं चाकाचा नुसता स्पर्श करितात. वजन घटेल म्हणून आकार देण्याच्या भरीस पडत नाहींत. मात्र आंत डाग, ठिपका किंवा काळी-तांबडी रेती असली म्हणजे ती दिसूं नये यासाठीं सबंध खडा पैलूंनीं भरून काढितात. तेव्हां त्या काळच्या यादींत एखाद्या हिऱ्यास पुष्कळ पैलू असल्याची नोंद आढळली, तर ती खोट झांकल्याची खूणही असूं शकेल. शेजारची किंमत पाहिल्याशिवाय त्यावर लिहूं नये.

वजनांकडे वळतांना पुन्हां चांद्याच्या रानांतच जावें लागतें. ताडोब्याच्या अरण्यांत शिरण्याची एक वाट मोहर्ली गांवावरून जाते. साग, बांबू, पळस यांच्या या रानांत झुडपांवर गुंजेचा वेल चढलेला असतो. त्याच्या शेंगांतील तांबडें, काळ्या डोळ्याचें बी म्हणजे सोनाराची गुंज. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. असें बी वजनाला घेणें हें कांहीं आपलेंच वैशिष्ट्य नव्हे. भूमध्य समुद्राकांठच्या एका झाडाच्या बियेवरून ग्रीक, अरबी असा प्रवास करीत 'कॅरट' हें वजन आलें. १८३३ मध्यें कंपनी सरकारनें तोळा १८० ग्रेनांचा ठरविला. त्या हिशेबानें तो ११.६६ ग्रॅम व गुंज सुमारें ०.१२ ग्रॅम होते. त्यापूर्वीं तोळा ठिकठिकाणीं निराळा होता.

येथेंच संपादकांचे पाय घसरतात. गुंज व रती हे शब्द कोशांत समानार्थी दिलेले असतात, व सोन्याच्या बाबतींत तें चालतें. पण हिऱ्याची रती निराळी होती. ताव्हर्निये मोगल दरबारची रती सात-अष्टमांश कॅरट सांगतो, म्हणजे सुमारें ०.१८ ग्रॅम; सोन्याच्या गुंजेच्या जवळजवळ दीडपट. दक्षिणेकडील राज्यांत तर मंगेलीन नांवाचें तिसरेंच वजन चाले, तें एक पूर्णांक तीन-अष्टमांश कॅरटांचें. आतां हिऱ्याची किंमत वजनाच्या वर्गाच्या प्रमाणांत धरण्याची रीत होती, हें ध्यानांत घ्यावें. रतीच्या जागीं गुंज धरली तर वजन दीडपट चुकतें आणि किंमत सव्वादोनपट. अशा चुकीवर एखाद्या सरदाराच्या ऐश्वर्याचा किंवा कर्जबाजारीपणाचा सिद्धांत उभारला गेला, तर तो किती टिकणार?

जडावाच्या शब्दांतही असाच गोंधळ आहे. कोंदणाचें काम करितांना सोन्याचा पोकळ घाट लाखेनें भरतात, लाखेवर चकाकीसाठीं पातळ पत्र्याचा डांक ठेवतात, त्यावर खडा बसवितात, आणि मग अति मऊ शुद्ध सोन्याच्या पट्ट्या खड्याच्या कडेनें दाबून कोंदून भरतात. म्हणून तें कोंदण. ही लाखही रानांतलीच, पळस व कुसुंब यांच्या फांद्यांवर किड्यांनीं केलेली. व्यवहाराच्या दृष्टीनें महत्त्व असें कीं, जडावाच्या दागिन्याच्या एकंदर वजनांत लाख, डांक व खडे हीं सर्व आलीं. निव्वळ सोनें किती, हें वेगळें लिहिलेलें नसेल तर 'पेटी तोळे २०' या नोंदीवरून सोन्याचा अंदाज करणें व्यर्थ आहे.

मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, अनुस्वार बहुधा गाळलेला. त्यामुळें खड्याखालचा डांक, सांधा जोडण्याचा डाख आणि दागिन्याची संख्या सांगणारा डाग हे तिन्ही शब्द एकमेकांच्या रूपांत येऊन मिसळतात. 'डाग ५' याचा अर्थ पांच दागिने, हें डागडागिने या जोडशब्दावरून सहज ओळखतां येईल. पण हिऱ्यांच्या यादींत तोच शब्द पाहून पांच डागांचा हिरा असें वाचण्याचा मोह अनावर असतो. 'नग' याचीही तीच तऱ्हा: कोठें तो खडा असतो, कोठें नुसती मोजदाद. 'लाल' हें रंगाचें विशेषण समजूं नये. माणकाहून निराळें असें तें बदक्षानकडचें रत्न आहे. 'वैडूर्य' पोथींत आलें तर काळ पाहून अर्थ करावा. याच्याच प्राकृत रूपावरून ग्रीकांनीं आपला 'बेरिल्लोस' शब्द घेतला, आणि त्या अर्थीं तें पाचेच्या जातीचें रत्न होय. मागाहून आपल्याकडे लसण्यालाच वैडूर्य म्हणूं लागले. आणि नांवावरून खाण शोधण्याची हौस ज्यांना आहे त्यांनीं राजुऱ्याकडील माणिकगडाच्या बाबतींत ती आवरावी. तें नांव देवीवरून पडलें असें परंपरा सांगते. माणकाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. वैरागडाला जे लेख आहेत ते येथें नाहींत.

ज्यांच्याजवळ रत्नपरीक्षेच्या मराठी प्रती किंवा जामदारखान्याच्या यादी असतील, त्यांस आमची विनंति आहे कीं, हिऱ्याच्या नोंदींतील वजन, पैलू व किंमत हीं तिन्ही एकत्र उतरून प्रसिद्ध करावींत, आणि उतरतांना डांक, डाख, डाग, नग हे शब्द जसे लिहिले असतील तसेच ठेवावेत, शुद्ध करूं नयेत.