"काका, टाइम माझाच आहे ना?"

पोस्ट जरा मोठी आहे. बुद्धिबळाची आहे, पण घोडा अडीच घरं चालतो एवढंच ज्यांना माहीत आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही.

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि आमच्या तालुक्यात बुद्धिबळाच्या शिकवण्या वाढल्या. चांगलंच झालं. पोरं आता मोबाइलवर खेळतात. आमच्या गल्लीतल्या सातवीतल्या एका पोराचा परवा वजीर गेला. घड्याळात आठ मिनिटं शिल्लक होती. त्यानं डाव सोडला नाही, ॲप चालू ठेवून मोबाइल कट्ट्यावर ठेवला आणि बॅट घेऊन पळाला. समोरचा, जगाच्या ज्या कोपऱ्यात असेल तिथं, आठ मिनिटं पटाकडे बघत बसला असणार. मी विचारलं, असं का रे? तर म्हणतो, "काका, टाइम माझाच आहे ना?"

हिशेबानं बघितलं तर टाइम त्याचाच आहे. आणि हा युक्तिवाद त्याने शोधलेला नाही, पावणेदोनशे वर्षं जुना आहे.

१८५१ साली लंडनला पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली, तेव्हा बुद्धिबळात घड्याळच नव्हतं. एका चालीला किती वेळ घ्यायचा याला बंधन नाही. सभ्य माणूस उगाच वेळ काढणार नाही, हे गृहीत. तिथं इलायजा विल्यम्स नावाच्या खेळाडूने तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत हॉवर्ड स्टॉन्टनला हरवलं. स्टॉन्टन म्हणजे त्या काळातलं इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं नाव. त्याने तक्रारींचा पाऊस पाडला की हा माणूस मुद्दाम वेळ काढून समोरच्याला दमवतो. (स्टॉन्टन स्वतः हरल्यावर कारणं शोधण्यात पटाईत होता, हेही सांगून ठेवतो.) पण मुद्दा खोटा नव्हता. सभ्यपणावर सोडलेली गोष्ट कुणीतरी वापरून घेतली की पुढे नियम येतोच. १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळं आली आणि १८८३ च्या लंडन स्पर्धेत दोन तबकड्यांचं यांत्रिक घड्याळ.

मग घड्याळच हत्यार झालं. डाव उघड बरोबरीचा आहे, पण समोरच्याकडे दहा सेकंद उरलीत म्हणून राजा इकडून तिकडे हलवत बसायचं. यावर बॉबी फिशरने उपाय काढला. प्रत्येक चालीमागे काही सेकंद वाढवून देणारं घड्याळ. पेटंट १९८९ चं, आणि १९९२ मध्ये स्पास्कीबरोबरच्या सामन्यात ते वापरलं गेलं. गंमत बघा, आज ऑनलाइन खेळताना ही वाढीव सेकंद ऐच्छिक आहेत. शून्य ठेवता येतात आणि बरीच पोरं ती शून्यच ठेवतात.

बरोबरी मागण्याचंही तसंच. खेळण्यासारखं काही उरलं नाही, तर दोघांनी हात मिळवून उठावं, यासाठी ती सोय. १९६२ च्या कुरासाओ कँडिडेट्स स्पर्धेत पेट्रोस्यान, केरेस आणि गेलर या तीन सोव्हिएत खेळाडूंनी आपापसातले सगळे १२ डाव बरोबरीत सोडवले, बरेचसे थोड्याच चालींत, म्हणजे बाकीच्यांशी लढायला ताजेतवाने. फिशरने अमेरिकेतल्या एका मासिकात जाहीर आरोप केला आणि पुढे फिडेने ती स्पर्धा बंद करून एकास एक सामने सुरू केले. २००५ मध्ये सोफियाच्या स्पर्धेत तर खेळाडूंनी परस्पर बरोबरी मागायलाच बंदी घातली. फिडेच्या नियमात आजही आहे की अवाजवी बरोबरी मागत राहणं म्हणजे प्रतिस्पर्ध्याला त्रास देणं. पंच समोर असला की हे चालतं. मोबाइलवर पंच नसतो. हरणारा दर दोन चालींनी बरोबरीचं बटण दाबतो आणि तुमचं लक्ष उडतं.

चाल परत घेण्याबद्दल आपल्याकडे वाद नव्हता. पारावर, वाड्यात, सगळीकडे एकच कायदा : हात लावला, चालवा. मोठ्यांनाही तो जड जातो. १९९४ ला लिनारेसमध्ये कास्पारॉव्हने १७ वर्षांच्या ज्युडिट पोल्गारसमोर घोडा ठेवला, क्षणभर बोटं सोडली आणि तो उचलून दुसरीकडे ठेवला. व्हिडिओत ते दिसलं. पोल्गारने तिथल्या तिथे तक्रार केली नाही. समोर जगज्जेता आणि आपण १७ वर्षांचे, कोण करेल? आता मोबाइलवर बोट घसरतं, म्हणून लिचेससारख्या ठिकाणी टेकबॅकचं बटण आहे. समोरच्याने हो म्हटलं तरच चाल मागे जाते. सोय चांगली. पण लोक बोट घसरलं म्हणून नाही, तर घोडचूक लक्षात आली म्हणून मागतात, तुम्ही दिली तरी तुमच्या वेळी देत नाहीत, आणि शेवटच्या पाच सेकंदांत पुन्हा पुन्हा मागून तुमचा वेळ खातात. सेटिंगमध्ये जाऊन टेकबॅक बंद करता येतं. अनेकांनी तेच केलंय. म्हणजे ज्याचं बोट खरंच घसरलं तोही गेला.

सगळ्यात अवघड आहे ते कनेक्शन तुटणं. इंटरनेटवर बुद्धिबळ १९९२ पासून खेळलं जातंय. तेव्हा लाइन गेली की डाव स्थगित व्हायचा, नंतर पूर्ण करायचा. साहजिकच हरणाऱ्यांच्या लाइनी जास्त जायला लागल्या! मग सर्व्हरवर 'नोएस्केप' नावाची ऐच्छिक सेटिंग आली. दोघांनी ती लावली असेल तर जो तुटेल तो हरेल. पण वीज गेली की कुणी तार उपटली, हे सर्व्हरला कसं कळणार? भारनियमन भोगलेल्या आपल्या लोकांना हा प्रश्न समजावायला नको.

२०२० च्या ऑनलाइन ऑलिम्पियाडमध्ये हेच घडलं. नाशिकचा विदित गुजराथी कर्णधार. उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या मार्टिरोस्यानचं कनेक्शन निहाल सरीनविरुद्ध तुटलं आणि डाव वेळेवर गेला. आर्मेनियाचं म्हणणं, आमचं इंटरनेट ठीक होतं. अपील फेटाळलं गेलं, त्यांनी निषेध म्हणून दुसरा सामना खेळायला नकार दिला आणि आपण पुढे गेलो. ३० ऑगस्टला रशियाविरुद्ध अंतिम सामना. जगभर इंटरनेटचा मोठा बिघाड झाला, आणि निहाल व १४ वर्षांची दिव्या दोघंही कनेक्शन तुटून वेळेवर हरले. यावेळी आपण अपील केलं. फिडेच्या अध्यक्षांनी दोन्ही देशांना सुवर्ण दिलं.

मला विचाराल तर अंतिम सामन्याचा निर्णय योग्यच होता. पण आर्मेनियाच्या वेळी घड्याळ बघितलं आणि आपल्या वेळी परिस्थिती बघितली, हेही खरं आहे. आपल्या लोकांना सुवर्ण आठवतं. आर्मेनिया किती जणांना आठवतो?

आज लिचेसवर समोरचा गायब झाला तर थोड्या वेळाने दोन बटणं येतात, विजय घ्या किंवा बरोबरी करा. थांबायचं असेल तर थांबताही येतं. आपल्या भागात शिकवणी घेणारे जे सर ही पोस्ट वाचत असतील त्यांना विचारायचंय : ओपनिंग आणि एंडगेम शिकवताना या बटणांबद्दल पोरांशी कधी बोलता का? बोलत असाल तर काय सांगता, ते खाली लिहा.