वर्षोपलगोलक

उकडीचा मोदक म्हटला की आम्हां मराठी माणसांस कोकण आठवते. परंतु त्याचा एक जुना लेखी पुरावा आमच्या आजच्या कर्मभूमीत, कर्नाटकातच, सापडतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात तांदळाच्या पिठाच्या, गोड सारणाच्या, वेलदोडा व कापराने सुगंधित मोदकांचे वर्णन येते. गारांसारखे दिसणारे म्हणून ते 'वर्षोपलगोलक'! ती कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण.

बदली होऊन आम्ही जयनगरात आलो, त्या पहिल्याच चतुर्थीस दुकानच्या पिठाची उकड काढली. पारी कडांना चिरली, गूळ पाझरला, आणि एकवीसांपैकी चारच मोदक नैवेद्यास लायक उरले. शेजारच्या कन्नड अज्जी दरसाल खोबऱ्या-गुळाचे कडुबू उकडीत. तांदूळ धुऊन सावलीत वाळवावे, मग दळावे; उकळत्या पाण्यात पीठ घालून झाकावे, वाफ मुरू द्यावी आणि उकड गरम असतानाच मळावी, असे त्यांनी कानडीत सांगितले. आम्हांस ते हातवाऱ्यांवरून कळले. (आमच्या मातोश्री हेच सांगत, तेव्हा आम्ही ऐकले नव्हते.)

कळ्या पाडणे मात्र अज्जींना ठाऊक नव्हते. त्यांचा कडुबू अर्धचंद्राकृती. ती विद्या आमच्या सौ.नी त्यांना दिली. आता घरोघर साचे आले आहेत, आमच्याही घरी आहे. अज्जी आज नाहीत. त्यांच्या सूनबाई चतुर्थीस जो डबा पाठवितात, त्यातील मोदकांना मोजून अकरा कळ्या असतात.