नळदुर्गच्या कचेरीतला एक दिवस

इसवी सन १८५३ ते १८५७ या चार वर्षांत आजच्या धाराशिव जिल्ह्याचा कारभार बोरी नदीकाठच्या नळदुर्गहून चालत होता. कारभार पाहणारा अधिकारी होता फिलिप मेडोज टेलर. ठगांच्या जीवनावरील १८३९ सालच्या इंग्रजी कादंबरीमुळे इंग्लंडात त्याचे नाव झाले होते. त्यापूर्वी सुरापूर संस्थानचा कारभार त्याने सांभाळला होता. जिल्ह्याचा सर्वाधिकारी म्हणून त्याचा एक दिवस कसा जात असे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटेल. मात्र त्याचे उत्तर सरकारी दप्तरांतून शोधू लागले की सत्ताधाऱ्याचा दिवस इतिहासात कसा टिकतो आणि कसा हरवतो, याचा उलगडा होऊ लागतो.

प्रथम पार्श्वभूमी. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चाची थकबाकी निजामाकडे साचली होती. लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत रेसिडेंट कर्नल लो याने २१ मे १८५३ रोजी निजामाशी तह केला आणि वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिवकडील मुलूख कंपनीच्या व्यवस्थापनाखाली आणला. तहाच्या इंग्रजी व्यवहारात या भागाचा उल्लेख 'धारासेव' असा येतो. मुलखाचे स्वामित्व निजामाचेच राहिले. फौजेचा व कारभाराचा खर्च भागवून उरेल ती रक्कम हैदराबादेस द्यायची आणि दरवर्षी खरा हिशेब सादर करायचा, अशी अट तहात होती. हे हिशेबाचे कलम पुढे महत्त्वाचे ठरते.

टेलर या मुलखाचा डेप्युटी कमिशनर झाला. दिवाणी, फौजदारी आणि महसूल ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे होती. आपला दिनक्रम त्याने आत्मचरित्रात नोंदवून ठेवला आहे. पहाटे पाचला उठून रस्त्यांच्या पाहणीसाठी बाहेर पडायचे, आठच्या सुमारास परतून दहापर्यंत इंग्रजी आणि मराठी पत्रांची उत्तरे लिहायची. स्नान व न्याहारी अकरापर्यंत उरकायची. त्यानंतर कचेरी. खटले आणि इतर कामे संध्याकाळी सहापर्यंत, पुष्कळदा सातपर्यंत, जागचे न हलता चालत. रात्रीच्या जेवणानंतर कोणा परिचिताशी तासभर गप्पा होत आणि साडेआठ-नऊपासून अकरा-बारापर्यंत भाषांतरे व शिल्लक कामे चालत. बेरीज केली तर हे काम चौदा ते सोळा तासांचे होते.

हे वर्णन मोलाचे आहे, परंतु ते कोणत्याही एका दिवसाचे नाही. त्याला तारीख नाही. कचेरीत समोर कोण उभे होते, खटला कशाचा होता, पत्र कोणत्या गावाहून आले होते, यांपैकी काहीही त्यात नाही. शिवाय आत्मचरित्र प्रसिद्ध झाले १८७७ साली, म्हणजे नळदुर्ग सोडल्यानंतर वीस वर्षांनी आणि लेखकाच्या मृत्यूनंतर वर्षभराने. ते त्याच्या कन्येने संपादित केले. आयुष्याच्या अखेरीस स्वतःच्या कष्टांकडे वळून पाहणारा माणूस दिवसाला सलग, नेटका आकार देतो. त्यात लबाडी असते असे नाही, पण 'नेहमीचा दिवस' हा प्रत्यक्षात कधी उगवलेलाच नसतो. खरा दिवस हवा असेल तर तो इतरांच्या कागदांतून जोडावा लागतो.

या कामाची सर्वांत प्रगत पद्धत अमेरिकेत पाहावयास मिळते. तेथील राष्ट्राध्यक्षाची एक दैनंदिनी ठेवली जाते आणि ती तो स्वतः लिहीत नाही. दूरध्वनी जोडून देणाऱ्यांच्या नोंदी, सुरक्षारक्षकांनी टिपलेले येणे-जाणे, भेटींच्या वेळा ठरविणाऱ्या चिटणिसांची यादी, असे निरनिराळ्या हातांचे कागद एकत्र करून मिनिटामिनिटाचा तपशील तयार होतो. रिचर्ड निक्सन यांच्या २० जून १९७२ च्या ध्वनिफितीतील साडेअठरा मिनिटे पुसली गेली. त्या वेळी खोलीत त्यांच्यासोबत त्यांचे सहायक हाल्डेमन होते आणि विषय वॉटरगेटचा होता, हे मात्र लपले नाही, कारण हाल्डेमन यांनी हाताने केलेली टिपणे शिल्लक होती. वॉटरगेटनंतर १९७८ साली कायदा झाला आणि अध्यक्षीय कागदपत्रे व्यक्तीची नसून राष्ट्राची मालमत्ता ठरली. तरीही ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकी संसदेवर जमाव चालून गेला, त्या दिवसाच्या दूरध्वनी नोंदवहीत सात तास सदतीस मिनिटांची पोकळी आढळलीच. पोकळी दिसली याचे कारण असे की नोंद कोठे असावयास हवी हे आधीच ठरलेले होते. जेथे नोंदवहीच नसते तेथे पोकळीही दिसत नाही.

महाराष्ट्राला अशी पद्धत अपरिचित नव्हती. पेशव्यांच्या दप्तरातील रोजकीर्द ही एका अर्थी राज्यकर्त्याची दैनंदिनीच. गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर राजे व पेशवे यांच्या रोजनिशींतून केलेली निवड नऊ भागांत प्रसिद्ध झाली. पुढे १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. रोजकीर्दीचा हेतू दिवस टिपण्याचा नव्हताच, आज्ञा आणि खर्च टिपण्याचा होता. परंतु खर्च रोज होतो. कोणास वस्त्रे दिली, कोणास दक्षिणा दिली, कोणाच्या घोड्यास दाणा दिला, हे ज्या दिवशी घडले त्याच दिवशी लिहावे लागते. पैशाची नोंद लांबणीवर टाकता येत नाही, म्हणून ती आठवणीपेक्षा अधिक विश्वासाची असते.

नळदुर्गच्या बाबतीत नेमके येथेच तहातील हिशेबाचे कलम उपयोगी पडते. निजामास दरवर्षी हिशेब द्यावयाचा असल्यामुळे जमाखर्च मांडून ठेवणे ही कंपनीची कराराने पत्करलेली जबाबदारी होती. रस्त्याच्या कामाला किती रक्कम पडली हे हिशेबातून कळले की पहाटे पाच ते आठ या 'रस्त्यांच्या पाहणी'ला गाव, महिना आणि मजुरी मिळते. आत्मचरित्रातले एक वाक्य असे जमिनीवर उतरते.

दुसरे साधन पत्रव्यवहाराचे. नळदुर्गचा अधिकारी हैदराबादच्या रेसिडेंटला लिहीत असे. महत्त्वाची प्रकरणे रेसिडेंटकडून कलकत्त्यास, हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र खात्याकडे जात. कंपनी सरकारची एक सवय अभ्यासकाला वरदान ठरली आहे. आलेल्या पत्राला क्रमांक पडे, सोबतचे कागद जोडले जात आणि गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलपुढे विषय ज्या दिवशी येई त्या तारखेखाली सारे नोंदले जाई. या खात्याचे कागद आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, तर लंडनला पाठविलेल्या प्रती ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या संग्रहात. मात्र येथे नवखा वाचक हमखास चुकतो. अशा प्रकरणावर तीन तारखा असतात. पत्र लिहिल्याची, ते पोहोचल्याची आणि ते कौन्सिलपुढे आल्याची. सूची बहुधा तिसऱ्या तारखेने लावलेली असते. नळदुर्गचा दिवस शोधणाऱ्याला पहिली तारीख हवी असते, आणि ती मूळ पत्राच्या माथ्यावरच सापडते.

त्याच माथ्यावर आणखी एक शब्द असतो, तो म्हणजे मुक्कामाचा. पत्र नळदुर्गहून लिहिले की तुळजापूरच्या मुक्कामावरून, एवढे कळले तरी अधिकारी त्या दिवशी कोठे होता हे पक्के होते. अशा शंभर पत्रांच्या तारखा आणि मुक्काम ओळीने मांडले तर पावसाळ्यात कचेरीत बसणारा आणि पुढे थंडीत गावोगाव हिंडणारा अधिकारी नकाशावर दिसू लागतो. दिनक्रमातली 'सहापर्यंत कचेरी' ही ओळ मुक्कामाच्या तंबूलाही लागू होती काय, याचा निर्णय अशा तक्त्यावरच होऊ शकतो.

तारखांचा गुंता आणखी एका बाजूने वाढतो. इंग्रजी पत्रात १८५३ हे वर्ष असेल, तर महसुलाच्या कागदात फसली १२६३ असू शकते. दक्षिणेत फसली सनात ५९० मिळविले की इसवी सन येतो, परंतु हे वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने जानेवारी ते मे या महिन्यांत एकाची चूक होण्याचा संभव असतो. निजामाच्या दरबारी फारसी कागदात हिजरी सन, मराठी कागदात शके १७७५. एकच दिवस चार कालगणनांत चार ठिकाणी राहतो. तो एक करण्यासाठी जंत्री लागते. मोडी लिपी वाचणारा लागतो आणि फारसी जाणणाराही. निजामी राजवटीच्या वरिष्ठ कारभाराची भाषा तेव्हा फारसी होती. ती दप्तरे आज हैदराबादच्या तारनाका भागातील तेलंगण राज्य अभिलेखागारात शोधावी लागतात. नळदुर्गपासून पश्चिमेस जवळच असलेले सोलापूर मुंबई इलाख्यात होते. सरहद्द ओलांडणारा गुन्हेगार, व्यापार किंवा रस्ता यांविषयी सोलापूरच्या अधिकाऱ्यांशी झालेला व्यवहार पाहावयाचा तर मुंबईच्या पुराभिलेखांकडे वळावे लागते. धाराशिवच्या एका दिवसासाठी दिल्ली, लंडन, हैदराबाद आणि मुंबई या चार शहरांच्या वाऱ्या कराव्या लागतात!

या सगळ्यात रात्रीचे ते दोन-तीन तास सर्वांत अधिक विचार करावयास लावणारे आहेत. टेलर रात्री भाषांतरे करीत बसे, ती कशाची? जिल्ह्याची भाषा मराठी, वरिष्ठ सरकारची इंग्रजी. रयतेचा अर्ज, साक्षीदाराचे म्हणणे, पाटलाचा जबाब हे सारे दिवसा मराठीत ऐकले जाई आणि वर पाठवावयाचे तर इंग्रजीत जाई. म्हणजे दिल्लीत व लंडनमध्ये जे मिळते ते बव्हंशी रात्री दिव्याच्या उजेडात तयार झालेले रूप आहे. साक्षीदार काय म्हणाला यापेक्षा अधिकाऱ्याने त्याचे काय ऐकले, हे ते सांगते. त्या दिवसाचे दुसरे अर्धे, म्हणजे मेजापलीकडे उभ्या असलेल्या माणसांचे, मोडीतल्या मूळ कागदात असते. अधिकाऱ्याचा दिवस शोधताना खरे तर त्या माणसांचाही दिवस हाती लागू शकतो. गावाहून निघून, पायी चालून, कचेरीच्या ओट्यावर पुकारा होईपर्यंत वाट पाहण्यात गेलेला तो दिवस कोणाच्याही आत्मचरित्रात आलेला नाही.

टेलरच्या साहित्यिक कीर्तीमुळे त्याचे खासगी कागदही टिकले. चुलत नात्यातील हेन्री रीव्ह यास लिहिलेली त्याची पत्रे १९४७ साली सर पॅट्रिक कॅडेल यांनी संपादित करून प्रसिद्ध केली. १८६३ साली आलेल्या 'तारा' या कादंबरीत तुळजापूर येते ते याच वास्तव्याच्या ओळखीतून. पण कादंबरीतल्या वर्णनावरून कारभाराचा दिवस रचू नये. तो मोह काही अभ्यासकांना आवरत नाही.

१८५७ चा उन्हाळा उजाडला तेव्हा दिनक्रम अर्थातच विस्कटला असणार. मे महिन्यात निजाम नासिरुद्दौला वारला, १७ जुलैला हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि ऑगस्टमध्ये टेलरला वऱ्हाडात बुलढाण्याकडे जाण्याचा हुकूम मिळाला. असे महिने अभिलेखांत दाट असतात, कारण संकटात पत्रे वाढतात. उलट सुरळीत दिवसाचा मागमूस राहत नाही. चार वर्षांच्या शांत कामकाजापेक्षा अखेरच्या चार महिन्यांची कागदे अधिक बोलकी असण्याचा संभव आहे, आणि त्यावरून साऱ्या कारकिर्दीचा अंदाज बांधला तर चित्र बिघडते.

डिसेंबर १८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाकडे परतले. त्याच तहात निजामाने मागील, चालू आणि पुढील जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क सोडला. मुलूख परत मिळाला तो हिशेबाच्या मोबदल्यात, असे म्हणण्यास हरकत नाही. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. १९८२ साली लातूर वेगळा जिल्हा झाला आणि २०२३ साली उस्मानाबादचे नाव धाराशिव झाले. राजधानी बदलली तेव्हा जिल्ह्याचे नवे कागद नव्या राजधानीकडे वळले.

केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने १८९२ पूर्वीचा कागद, तो निरुपयोगी होण्याइतका खराब झालेला नसेल तर, नष्ट करण्यास मनाई केली आहे. महाराष्ट्रानेही २००५ साली स्वतंत्र कायदा केला. म्हणजे टेलरच्या काळातले जे उरले आहे त्याला कायद्याचा आधार आहे. नंतरच्या अधिकाऱ्यांची स्थिती निराळी आहे. राज्यातील शासकीय कार्यालयांत कागदांची वर्गवारी अ, ब, क, क-१ आणि ड अशी होते. अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षांचा, क दहा, क-१ पाच आणि ड एका वर्षाचा. जमिनीचे, हक्काचे, धोरणाचे निर्णय वरच्या वर्गांत जातात आणि ते योग्यच आहे. मात्र भेटीस आलेल्यांची नोंद, दौऱ्याचा कार्यक्रम, गाडीची नोंदवही हे कागद स्वभावतः अल्पमुदतीचे मानले जातात. निर्णय राहतो, दिवस जातो. जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांनी १९९३ च्या भूकंपानंतरचे दिवस कसे काढले, कोणत्या गावाला किती वाजता पोहोचले, प्रथम कोणाशी बोलले, हे पन्नास वर्षांनी कोणाला पाहावेसे वाटले तर त्याला आदेशांच्या प्रती मिळतील. वेळा आणि माणसे मिळतीलच असे नाही, जोपर्यंत एखाद्या वाहनाच्या नोंदवहीवर कोणी 'कायम' असा शेरा मारून ती अभिलेख कक्षात ठेवलेली नाही.