विशेष बालकांच्या मातांचा विसावा : सिकंदराबादच्या संस्थेने दाखवलेली वाट

सिकंदराबादच्या बोवेनपल्ली भागात मनोविकासनगर येथे १९८४ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय मतिमंद संस्था स्थापन केली. ‘मतिमंद’ हा शब्द आता व्यवहारातून मागे पडला असून ‘राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था’ या नावाने ती ओळखली जाते. बौद्धिक दिव्यांग मुलांची तपासणी, त्यांच्यासाठी विशेष शिक्षण आणि त्या क्षेत्रातील शिक्षकांचे प्रशिक्षण ही तिची मुख्य कामे. बाहेरगावच्या कुटुंबांना मुलासह काही दिवस राहून प्रशिक्षण घेता यावे, यासाठी आवारात ‘फॅमिली कॉटेज’ म्हणून ओळखली जाणारी निवासस्थानेही आहेत. तेथे मुलासोबत राहते ती बहुतेक वेळा आई.

परतताना तिच्या हाती मुलाच्या दिनक्रमाचा आराखडा असतो. शौचाची सवय कशी लावावी, घास स्वतः कसा घेऊ द्यावा, शर्टाचे बटण लावण्याची कृती किती टप्प्यांत शिकवावी, हे सारे त्यात येते. आराखडा मुलासाठी असला तरी तो रोज राबवणारे माणूस घरात एकच असते. त्या माणसाची झोप, पाठ आणि मन यांचा विचार कोण करतो, हा प्रश्न बराच काळ कोणी मांडला नव्हता.

तो पद्धतशीरपणे मांडणाऱ्यांत सिकंदराबादची ही संस्था होती. रीटा पेशावरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात भारतीय कुटुंबांचा अभ्यास करून कुटुंबाच्या गरजा नोंदवणारी एक प्रश्नसूची तयार केली. मुलाच्या स्थितीची माहिती, शासकीय सवलती आणि पैशाची गरज हे विषय तिच्यात होतेच. त्यांच्या जोडीला पालकांच्या भावनिक गरजा, प्रत्यक्ष कामातील मदत, नातेसंबंध आणि भविष्याची तरतूद यांनाही स्वतंत्र स्थान मिळाले. वरवर ही तांत्रिक बाब वाटेल. पण आईला काय हवे आहे, हे विचारणे तपासणीचाच भाग ठरल्याने मोठा फरक पडला.

त्याआधीची समजूत आठवली म्हणजे या फरकाचे मोल कळते. विसाव्या शतकाच्या मध्यात पाश्चात्त्य मानसशास्त्रात स्वमग्नतेचा दोष आईच्या थंड, मायाहीन वागण्यावर टाकणारा सिद्धान्त रूढ होता. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात तो हिरिरीने मांडला. स्वतः एका स्वमग्न मुलाचे पिता असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच त्याचे खंडन केले होते, तरी आयांवरील हा डाग पुसला जायला फार वर्षे लागली. आपल्याकडे सिद्धान्ताची गरजच पडली नाही. ग्रहणात भाजी चिरली, नवस फेडायचा राहिला, नोकरी सोडली नाही, असे काही ना काही कारण घरातल्या मोठ्यांना सापडतेच. वस्तुतः डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, हे १९५९ मध्येच सिद्ध झाले आहे. आईच्या वागण्याशी त्याचा काहीही संबंध नाही. अपराधी भावना ज्या आईला रात्रंदिवस पोखरते, तिला विश्रांती घेणेसुद्धा गुन्हा वाटतो; म्हणून तिच्या निगेची सुरुवात ही भावना दूर करण्यापासून होते.

दुसरी अडचण चांगल्या हेतूतून आली आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज या गावी १९६९ मध्ये लहान वयातील प्रशिक्षणाचा एक उपक्रम सुरू झाला. प्रशिक्षिका आठवड्यातून एकदा घरी येई आणि मधल्या दिवसांत पालक मुलाला शिकवीत. दवाखाने दूर असलेल्या देशांना ही पद्धत सोयीची वाटली. भारतातही ती रुजली. मुलांना तिचा लाभ झाला, यात शंका नाही. परंतु आई या पद्धतीत शिक्षिका झाली आणि तिच्या आधीच्या कामांतले एकही कमी झाले नाही. केंद्र शासनाच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात बिनमोल घरकामात सहभागी असलेल्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर पुरुष ८८ मिनिटे, असे दिसले. घरातील माणसांची काळजी घेण्याचे हेच आकडे अनुक्रमे १३७ आणि ७५ मिनिटे आहेत. हे चित्र सर्वसाधारण घरांचे. रात्री तीनदा उठणारे मूल ज्या घरात आहे, तेथे या मिनिटांवर आणखी किती भर पडते, हे त्या घरालाच ठाऊक.

म्हणूनच ‘स्वतःसाठी वेळ काढा’ हा पुरवण्यांतला नेहमीचा सल्ला येथे तोकडा पडतो. वेळ काढायचा तर तेवढा वेळ मुलाजवळ दुसरे कोणीतरी असावे लागते. घरचा आराखडा आखताना प्रत्येक कृतीसमोर ती कोण करणार याचे नाव लिहावे आणि निदान एका कृतीसमोर वडिलांचे नाव असावे, ही मागणी आई प्रशिक्षकाकडे करू शकते. संध्याकाळचे जेवण भरवणे आणि अंघोळ घालणे वडिलांना किंवा आजीला येत असेल, तर आईच्या वाट्याला रोज तासभर सुटा मिळतो. ‘त्याला माझ्याच हातचे लागते’ हे वाक्य अनेक आया मायेने उच्चारतात. पुढे त्यांना तापातही अंथरुणावर पडू न देणारे वाक्य तेच ठरते.

शरीराकडे पाहायचे तर पाठीकडे आधी पाहावे. चालता न येणारे मूल आठ-दहा वर्षांचे झाले, तरी त्याला उचलावे लागतेच. कमरेत वाकून उचलण्याऐवजी गुडघे वाकवावेत, मुलाला छातीशी धरावे आणि मग पायांच्या जोरावर उठावे. वळायचे असल्यास कंबर न पिळता पावले टाकून वळावे. पलंगावरून खुर्चीत हलवण्याची रीत फिजिओथेरपिस्टकडून आईने स्वतःसाठी म्हणून शिकून घ्यावी. सततचा थकवा ‘दगदगीचा’ म्हणून सोडून देऊ नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल, तर तो रक्तक्षय होय. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. मुलाच्या तपासणीच्या दिवशीच आपलीही करून घेतली, तर वेगळी खेप पडत नाही.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, मूल झोपल्यावरही झोप न लागणे ही नैराश्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी केंद्र शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध असतो आणि मराठीतही बोलता येते. आपण नसलेले बरे किंवा मूल नसते तर बरे, असे विचार येऊ लागल्यास डॉक्टरांना भेटणे लांबणीवर टाकू नये. असे विचार थकलेल्या मनाला येतात. त्यावरून कोणी आई म्हणून नालायक ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अशा पालकांसाठी तयार केलेल्या प्रशिक्षणक्रमात नऊ सामूहिक सत्रे आणि तीन गृहभेटी आहेत. मुलाशी खेळावे कसे याच्या जोडीला पालकाने स्वतःला कसे सांभाळावे, हाही त्यातील अभ्यासाचा विषय आहे.

घराबाहेरच्या मदतीत पालक संघटनांचे स्थान मोठे आहे. १९९५ मध्ये स्थापन झालेली ‘परिवार’ ही अशा संघटनांची देशव्यापी शिखर संघटना. महाराष्ट्रात बदलापूरची ‘आधार’ ही पालकांनीच उभारलेली निवासी संस्था अनेक मराठी कुटुंबांना परिचित आहे. गोव्यात पर्वरी येथील संजय स्कूल आणि ‘सेतू’ या केंद्रांत मुलांना घेऊन येणाऱ्या आया एकमेकींना भेटतात. बाहेरच्या बाकावर चालणाऱ्या त्यांच्या गप्पांना कोणी उपचार म्हणत नाही. तरी चांगली सेविका कुठे मिळाली, कोणत्या दाखल्याला किती खेटे पडले, ही माहिती तेथेच मिळते. त्याहून मोलाचे म्हणजे तेथे काहीही समजावून सांगावे लागत नाही.

शासकीय सोयींची माहिती मात्र विखुरलेली आहे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘समर्थ’ योजनेत, जी पुढे ‘घरौंदा’शी जोडण्यात आली, कुटुंबाला काही काळ विसावा मिळावा म्हणून मुलाला तात्पुरते ठेवून घेण्याची कल्पना आहे. अशी केंद्रे गरजेच्या मानाने फारच थोडी आहेत, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाची तरतूद असून त्यात उपचारपद्धतींची सत्रेही येतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना हा विमा घेता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने काळजीवाहकाच्या व्याख्येत पालकांचा समावेश केला, मग त्यांना मोबदला मिळत असो वा नसो. ज्यांना अधिक आधाराची गरज आहे, अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचीही तरतूद त्यात आहे.

नोकरदार मातांपैकी केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत ७३० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा मिळते. दिव्यांग अपत्याच्या बाबतीत अठरा वर्षांची वयोमर्यादा लागू नाही. हिमाचल प्रदेशातील एका प्राध्यापिकेला अशी रजा नाकारली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये या रजेचा संबंध स्त्रियांच्या रोजगारातील सहभागाशी जोडला आणि दिव्यांग मुलांच्या मातांबाबत धोरणाचा फेरविचार करण्यास त्या राज्याला सांगितले. खासगी नोकरीतील आईला असा आधार नाही. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक असले, तरी विशेष बालकाला सांभाळण्याचे शिक्षण तेथील सेविकेला असतेच असे नाही.

या आयांची झोप उडवणारा एक प्रश्न मात्र कोणत्याही रजेने सुटत नाही : आपल्यामागे याचे कसे होईल? मूल अठरा वर्षांचे झाल्यावर राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यानुसार कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्हाधिकारी ज्या स्थानिक समितीचे काम पाहतात, तिच्याकडे अर्ज करायचा असतो. आईवडील हयात असतानाच ही व्यवस्था करता येते आणि पुढचे नावही ठरवून ठेवता येते.

सिकंदराबादला जाऊ इच्छिणाऱ्या गोव्यातील कुटुंबांनी संस्थेशी आधी संपर्क साधून तपासणीची आणि निवासाची वेळ ठरवून घ्यावी. वास्कोहून सिकंदराबादला थेट गाडी आहे. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला रेल्वे भाड्यात सवलत देते आणि ती सोबत्यालाही लागू होते. त्यासाठी रेल्वेच्या विहित नमुन्यातील दाखला लागतो. इतका लांबचा प्रवास झेपणार नसेल, तर याच संस्थेचे प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत खारघर येथे आहे. जमल्यास आईसोबत घरातील आणखी एकाने जावे आणि प्रशिक्षणाच्या वेळी त्यानेही बाहेर न थांबता आत बसावे.