घराची किंमत कोण ठरवतं?



आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, पण घरपट्टीचं बिल कधी नीट वाचलं नाही. भरलं आणि फायलीला लावलं. निवृत्तीनंतर कळंबच्या घरी ते सावकाश वाचलं, तेव्हा एका शब्दापाशी अडलो: करयोग्य मूल्य.

१९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्यात त्याची रीत आहे. हे घर भाड्यानं दिलं तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल, ते धरायचं आणि दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे. महिन्याला १,००० रुपये धरले, तर वर्षाचे १२,०००. त्यातून १,२०० गेले, उरले १०,८००. त्यावर ठरलेल्या टक्क्यांनी कर. आता गंमत बघा. घरात आपणच राहतो. म्हणजे कर बसतो तो कधीच न आलेल्या भाडेकरूच्या भाड्यावर!

ही कल्पना इंग्लंडातली. तिथल्या १८३६ च्या कायद्यात असंच वाजवी भाडं धरलेलं आहे. पण अंदाज चुकला की काय होतं, याचा धडा आपल्या जवळच मिळतो.

कळंब तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. पण पश्चिमेला, इंदापूर तालुक्यात इंग्रजांचा अंमल होता. तिथे प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं अर्थशास्त्राच्या सिद्धांतावरून शेताचं निव्वळ उत्पन्न काढलं आणि त्यावर सारा बसवला. कागदावर हिशेब चोख. प्रत्यक्षात सारा झेपेना, माणसं जमिनी टाकून निघून गेली. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट आले. त्यांनी जमिनीची प्रत पुन्हा लावली, सारा उतरवला आणि तीस वर्षांसाठी कायम केला. पडीक रानं पुन्हा वहितीत आली.

प्रिंगलचं गणित चुकलं नव्हतं हो, गृहीत चुकलं होतं. आणि ज्यानं सारा भरायचा, त्याला ते गृहीत विचारण्याची सोय नव्हती.

आपल्याला ती आहे. आकारणीची यादी तयार झाली की नगरपरिषदेला ती लोकांपुढे ठेवावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात. चार वर्षांतून एकदा तरी यादी नव्यानं करावी लागते. पत्र्याची खोली स्लॅबची म्हणून लागली असेल, क्षेत्रफळ जास्त धरलं असेल, तर नोटिशीतल्या मुदतीत लेखी हरकत द्यायची आणि पोच घ्यायची. मुदत गेली की तो अंदाजच खरा धरला जातो.

मूल्य विटांत नसतं, मंडळी. ते कुणीतरी केलेलं अनुमान असतं. आणि अनुमानाला कारण विचारायचं असतं, एवढं तर आम्ही वर्गात रोज सांगत होतो. स्वतःच्या घराच्या बाबतीत मात्र विसरलो. तुम्ही विसरू नका.