औंध : ७२ गावांचं संस्थान

मैत्रिणींनो, औंधच्या यमाईला आपण जातो. पण औंध हे एक संस्थान होतं, हे किती जणींना ठाऊक आहे? गावं जेमतेम ७२, तीही विखुरलेली. काही आजच्या साताऱ्यात, काही सांगलीकडच्या आटपाडीत, काही तर पार विजापूरकडं. पाऊस कमी, तिजोरी लहान.

तरी १९१० साली राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा निवडुंगाचा माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी दिला. तिथं लोखंडी नांगर बनू लागले, किर्लोस्करवाडी वसली. राजे स्वतः चित्रकार. औंधचं संग्रहालय त्यांचंच.

१९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं त्यांनी कारभार गावपंचायतींच्या हाती दिला. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर सुरू झालं, म्हणजे बिनभिंतींचा तुरुंग! खुनाचे कैदी तिथं शेती करत, बायका-पोरांसह राहत. 'दो आँखें बारह हाथ' हा पिक्चर त्यावरूनच निघाला. पिक्चरमध्ये जेलर गाजला, कैदी गाजले. आम्हाला मात्र त्या माळावर नवऱ्यामागं चूल मांडायला गेलेल्या बायकांचं धाडस जास्त मोठं वाटतं.

१९४८ ला संस्थान विलीन झालं. स्वतंत्रपूरची वसाहत अजून चालू आहे.